मी न चढलेला हरम

अमेरिकेत भाऊबंदकी पेटली आणि वऱ्हाडातल्या आम्हा कुणब्यांचे दिवस फिरले. तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे विलायतेतल्या गिरण्या आमच्या काळ्या जमिनीकडे डोळे लावून बसल्या आहेत, असं अकोल्याच्या बाजारात सांगायचे. मला त्यातलं एवढंच कळलं, की माझा बाप कापसाची गाडी घेऊन गेला की व्यापारी त्याला उन्हात उभा करायचे, आणि मी गेलो की बसायला गादी देऊन पाणी विचारायचे. गादीची मला फार लवकर सवय झाली. दोन वर्षांत मी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, स्वतःला सोन्याचं कडं केलं, पागोटं बऱ्हाणपूरचं आणलं आणि मिशा अशा वाढवल्या की जेवताना त्या डाव्या हातानं वर धराव्या लागत. बायको सत्यभामा म्हणायची, "घरात दोन मानसं वाढल्यावानी वाटते." तिला काय म्हणायचं होतं ते मी मनावर घेत नसे.

आमचं गाव बार्शीटाकळीहून कोसावर. माझं नाव नत्थुजी. अंगात गुण म्हणाल तर एकच होता, कापसाची पारख. बोंडातला पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढला, की धागा किती लांब आणि किती बळकट हे मी डोळे मिटून सांगत असे. या एका गुणावर खूश होऊन इस्माइलजी शेठनं मला जवळ केलं. हा बोहरी व्यापारी. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याची वखार होती आणि मुंबईत मोठी पेढी. एका माघ महिन्यात त्यानं मला बोलावलं. मिसर देशात आपल्यापेक्षा लांब धाग्याचा कापूस पिकतो, त्याची सरकी आणून वऱ्हाडात पेरायची, असा त्याचा बेत होता.

"पैसा मेरा, उँगली तुम्हारी," शेठ म्हणाला. "चलोगे?"

मिसर कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी असा थोडा विचार केल्यासारखं करून म्हणालो, "चलो."

घरी येऊन सांगितल्यावर सत्यभामेनं हातातलं सूप खाली ठेवलं. "समुद्रापल्याड? जातीतून काढतीन तुमाले."

"मले कोन काढते? जातीचे पंच भगवंतराव, त्यायच्या पोरीच्या लग्नात शामियाना कोनं देल्ला होता?"

"अन् तिकडं खासान काय?"

शेठबरोबर त्याचा स्वयंपाकी असणार, पण त्याच्या हातचं खाल्लं असतं तर मग मला शामियान्यानंही वाचवलं नसतं. गावातला एकही गडी बरोबर यायला तयार होईना. तेव्हा चुलीपुढून गोदाआत्या बोलली. माझ्या बापाची ही धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, पाट लावायला दोनदा नाही म्हणाली आणि माहेरी येऊन राहिली ती राहिलीच. पंचावन्नच्या पुढं वय होतं, तरी कापूस वेचायला दोन बायांना भारी होती, आणि आंब्याच्या दिवसांत शेवटचा आंबा उतरवायला झाडावर तीच चढायची.

"मी येईन," ती म्हणाली. "तुले दोन टाइम भाकर भेटल्याशी मतलब."

"आत्या, समुद्र लागते मधात. जातीचे लोक काय म्हनतीन?"

"मले काय म्हनतीन? पंगतीत तं मी तशीबी शेवटीच बसते. आता नाई बसवतीन."

तिनं इतक्या चटकन उत्तर दिलं की मला वाटलं, म्हातारीला काशी-रामेश्वरासारखं काही तरी वाटत असावं. मोठेपणानं मी तिला नेण्याचं कबूल केलं. नेतोय मी, असंच मी शेवटपर्यंत समजत होतो.

तेव्हा आगगाडी अकोल्यापर्यंत आलेली नव्हती. भुसावळपर्यंत छकड्यानं गेलो, तिथून गाडीनं मुंबई, आणि मुंबईहून आगबोट. आगबोटीविषयी मी नंतर गावात पुष्कळ सांगितलं, पण खरी हकीकत थोडक्यात अशी, की पहिले सहा दिवस मी आडवा होतो. शेंब्या, कडं, पागोटं यांचा समुद्रावर काही उपयोग नसतो. आत्या कोपऱ्यात शेगडी मांडून भाकरी थापायची, मी वास आला की तोंड फिरवायचो, आणि माझ्या वाटची भाकर ती शांतपणे खाऊन टाकायची. आठव्या दिवसापर्यंत खलाश्यांशी तिची ओळख झाली होती. त्यांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना येत नव्हती. त्यामुळे भांडण म्हणून कधी झालं नाही.

सुवेजला उतरलो. तिथून वाळवंटातून आगगाडीनं कैरो शहर गाठलं. पुढचे पंधरा दिवस मी माझं काम केलं आणि ते चांगलं केलं, हे सांगायला मला लाज नाही, कारण या सगळ्या प्रवासात तेवढंच एक लाज न वाटण्यासारखं आहे. नदीकाठच्या खेड्यांतून हिंडून मी सरकी निवडली. त्या कापसाचा धागा रेशमासारखा निघायचा. ती सरकी पुढं आमच्या रानात पेरली तेव्हा झाडं माणसापेक्षा उंच झाली, पानांनी लहडली आणि बोंडं धरायचं मात्र विसरली. पण तो दोष माझ्या बोटांचा नव्हता. आमच्या मातीला ती मानवली नाही.

काम आटोपल्यावर एक दिवस शेठ म्हणाला, "नत्थुजी, इतनी दूर आए हो. कल हरम देखने चलेंगे."

हरम म्हणजे काय, हे सांगायला मला दुभाषा लागत नव्हता. मोगलाईच्या हद्दीत वाढलेला माणूस मी. नबाबाचा जनानखाना म्हणजे हरम, हे आमच्याकडे बैलगाडी हाकणारालाही ठाऊक. मिसरच्या बादशहाचा हरम आणि तो शेठच्या ओळखीनं आपल्याला बघायला मिळणार! मी शेठकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. तो पाच वेळा नमाज पढणारा, पांढऱ्या दाढीचा माणूस. पण म्हटलं, परदेशात माणसाचं काय सांगावं.

सकाळी उठून मी दुबार आंघोळ केली. ठेवणीतलं धोतर काढलं, पागोटं तिरपं बांधलं, मिशांना तेल लावलं आणि कानात अत्तराचा फाया ठेवला. आत्या भाकरी बांधत होती.

"कुठं चालला सजून?"

"शेठसंगं. कामासाठी."

"मीबी येईन."

"आत्या, तुयं तिकडं काम नाई. गड्यामानसांची जागा हाये थे."

तेवढ्यात शेठ दारात आला आणि आत्याकडे पाहून म्हणाला, "आप भी चलिए, गोदाबाई. देखने की चीज़ है. बाल-बच्चे, औरतें, सब जाते हैं."

मी गोंधळलो. नदी होडीनं ओलांडली. पलीकडे गाढवं उभी होती. माझ्या कमरेच्या उंचीच्या गाढवावर मला बसवलं. बऱ्हाणपुरी पागोट्याचा आणि सोन्याच्या कड्याचा माणूस पाय जमिनीला घासत हिरव्या शेतांमधून चालला, पुढं आत्या दुसऱ्या गाढवावर ऐसपैस बसून. मग एकाएकी शेतं संपली आणि समोर दगडांचे तीन डोंगर दिसले.

"वो रहा हरम," शेठ म्हणाला.

मी इकडेतिकडे वाडा शोधत होतो. "किधर?"

"सामने तो है. पुराने बादशाहों की कब्र. यहाँ इसी को हरम कहते हैं."

शेठनं माझं तिरपं पागोटं, मिशा, अत्तर हे सगळं एकदा पाहिलं. त्याला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तो लगेच तोंड फिरवून खोकला. आत्या मात्र कपाळावर हात धरून वर पाहत होती. आमच्या पुढं ती होती म्हणून कब्रीचा शब्द तिच्या कानावर गेला नाही.

"कोनं बांधलं थे?" तिनं विचारलं.

"राजानं," मी म्हणालो.

"घर हाये त्याचं?"

"तसंच समज," मी तुटकपणे म्हणालो. मला त्या वेळी कुणाला काही समजावून सांगण्याची इच्छा नव्हती.

पायथ्याशी पांढऱ्या झग्यांतले अरब बसलेले. गोऱ्या लोकांना ते हाताला धरून वर नेत होते. त्यांचा म्होरक्या सालेम नावाचा उंच, काळासावळा माणूस. शेठनं हुक्का पेटवला, सावलीत बसला आणि म्हणाला की तो तीनदा आलेला आहे, त्याचे गुडघे दुखतात, आम्ही वर जाऊन यावं. माझ्या मनात हरमाचा जो विरस झाला होता तो भरून काढायला मला हे बरं वाटलं. गावी जाऊन सांगायला काही तरी पाहिजे होतं.

पायऱ्या म्हणून सांगतात त्या पायऱ्या नाहीतच. एकेक दगड माझ्या छातीइतका उंच. दोन अरब वरून माझे हात ओढायचे आणि तिसरा मागून, जिथं दुसऱ्याचा हात लागू नये अशा ठिकाणी, खांदा लावून ढकलायचा. सरकीचं पोतं वखारीत चढवतात तसा मी चढत होतो. दहा-बारा दगड झाले. धोतराचा सोगा सुटला, अत्तराचा फाया कुठं तरी पडला. मग माझ्या हातून चूक झाली. मी खाली पाहिलं.

शेठ मुंगीएवढा नव्हता दिसत, पण हुक्क्याएवढा दिसत होता. समोरच्या दगडाला मी दोन्ही हातांनी मिठी मारली, गाल त्यावर टेकवला आणि डोळे मिटून घेतले. सालेम काही तरी म्हणाला. मी म्हणालो, "नाई." त्यानं माझा हात सोडवायचा प्रयत्न केला. त्याला मी पुन्हा मराठीत नाही म्हणालो, आणि ते त्याला बरोबर कळलं.

इतक्यात माझ्या कानाशी आत्याचा आवाज आला. "नत्थू, सरक जरा. वाट अडवून राहिला."

मी डोळे किलकिले केले. लुगड्याचा काष्टा वर खोचून ती माझ्या बाजूच्या दगडावर आली होती. एक अरब तिच्या हाताला धरायला पुढं झाला. तिनं त्याच्या मनगटावर फटका दिला. "अंगाले हात लावशीन तं पाह्य." तेही त्याला बरोबर कळलं. मग दोन्ही तळवे दगडावर ठेवून, एक गुडघा वर घेऊन, शिडी नसताना माळ्यावर चढतात तशी ती वर गेली. पुढचा दगड, त्याच्या पुढचा. सालेम तिच्या मागं धावला. मी पुन्हा डोळे मिटले.

ती किती वेळानं खाली आली, सांगता येत नाही. मला एक जन्म गेल्यासारखा वाटला. तोवर दोन अरब मला धरून खाली पायथ्याशी घेऊन आले होते आणि उरलेला वेळ मी माथ्यावरून उतरून आल्यासारखा ऐटीत बसून होतो. आत्या उतरली ती धापा टाकत नव्हती. तिचं तोंड मात्र निराळंच दिसत होतं, जत्रेहून आलेल्या पोरीसारखं. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी वर गेलो नाही हे मलाच कबूल केल्यासारखं झालं असतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सालेमनं सांगितलं की आत जायला वाट आहे. मला वाटलं, चढणं नाही तर निदान हे तरी. बाजूला एक बीळ होतं. हो, बीळच. मेणबत्ती घेऊन कमरेत वाकून शिरायचं. मी चार पावलं गेलो. पाचव्या पावलाला पागोटं वर अडकलं, पोट खाली अडकलं, वटवाघळांचा वास नाकात गेला आणि जीव गुदमरला. वळायला जागा नव्हती. मी आलो तसा पाठमोरा बाहेर निघालो, आणि सगळ्यात आधी माझा जो भाग उजेडात आला त्याला पाहून बाहेर बसलेले अरब हसले. आत्यानं माझ्या हातातून मेणबत्ती घेतली. "मी पाह्यून येते," म्हणाली, आणि आत गेली. नाकाला काजळी लावून ती परत आली तेव्हा मी शेठजवळ बसून हरम कसा भव्य आहे यावर बोलत होतो.

परतीच्या आगबोटीवर मी गावात काय सांगायचं याची जुळणी केली. वरचं मला रचता येण्यासारखं होतं. खालून पाहिलं तर टोक आकाशात गेलेलं दिसत होतंच. आतलं मात्र ऐकून घ्यावं लागलं. म्हणून एक दिवस, आत्या तांदूळ निवडत असताना, मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"थे आत काय होतं म्हनते?"

"एक कोठी. काळ्याभोर दगडाची. अन् तिच्यात एक डोन, बैलाले पानी पाजतो आपुन तशी. माणूस मावन एवढी."

"डोनीत काय?"

"काईच नाई. झाकनबी नाई." ती खडा फेकून म्हणाली, "राजा गावाले गेला असन."

चैत्रात आम्ही घरी आलो. आणि त्या दिवसापासून महिनाभर मी इतका बोललो, की मारुतीच्या पारावर माझ्यासाठी घोंगडी अंथरून ठेवायला लागले. चंद्रभान नावाचा माझा शेजारी रोज नवीन माणसं घेऊन यायचा आणि सुरुवात करून द्यायचा, "नत्थुजी, थे टोकाचं सांगा." मग मी टोकाचं सांगायचो. हरमाच्या माथ्यावर देवळाच्या कळसासारखं अणकुचीदार टोक आहे, तिथं एका वेळी एकच माणूस मावतो, मी डाव्या हातानं ते टोक धरलं आणि उजवा हात वऱ्हाडाच्या दिशेनं केला. वारा असा, की पागोटं उडून जाऊ नये म्हणून मिशीला गाठ मारावी लागली. हे शेवटचं मी एकदाच सांगितलं, पण चंद्रभाननं ते कायमचं करून टाकलं.

आणि आतलं. ते माझं सगळ्यात आवडतं. भुयारातून मी एकटा गेलो, म्हणे. सोबतचे अरब भिऊन मागं राहिले. आत मेलेल्या बादशहाची दगडी पेटी. "मी म्हटलं, पाहू तं खरं, बादशहा केवढा होता. अन् निजलो तिच्यात. हातभर जागा उरली नाई. माह्याच मापाचा गडी!"

लोक मान डोलवायचे. घरात सत्यभामा हे ऐकायची आणि आत्याकडे पाहायची. आत्या भाकरी उलटायची.

वैशाखात एक दिवस पारावर माझी घोंगडी नव्हती. जातीचे पाच पंच बसले होते, मध्ये भगवंतराव. वयानं सत्तरीचे, आवाजानं मऊ. रागानं बोललेले त्यांना कुणी ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची.

"बस, नत्थुजी," ते म्हणाले. "समुद्र वलांडला, थे आमी समजून घेतलं. पोटासाठी मानूस जाते. भाकरी आपल्याच मानसाच्या हातच्या खाल्ल्या. जातीले एक जेवन दे, झालं. गोदाबाई तुया मागं आली, बाईमानूस. तिनं डोक्यावरून पानी घेतलं की सरलं."

मी हात जोडले. एवढ्यावर सुटलो असं वाटलं.

"पन थे दुसरं कसं करावं?" भगवंतराव म्हणाले. "मढ्याच्या पेटीत निजला तू."

मी मिशीवरून हात फिरवला.

"निजला ना?"

सगळं गाव बघत होतं. चंद्रभान पुढंच बसला होता, आणि माझ्या वतीनं तोच म्हणाला, "निजले म्हणजे! मापाची भरली."

"मंग असं हाये," भगवंतराव म्हणाले, "जिवंत मानूस मढ्याच्या जागेवर निजला तं थो मेला. जोशीबुवाले इचारलं आमी. घरच्यांनी दहा दिवस तुयं सुतक धराचं. मंग डोकं अन् मिशा उतरवून कौंडण्यपूरले वर्धेत आंघोळ कराची. अन् वापस आल्यावर नवा जन्म झाला म्हनून बारसं. मंग तू मोकळा."

आत्या बायांमध्ये मागं उभी होती. माझी तिची नजरानजर झाली. तिनं भुवया वर केल्या; बोलू का, असं विचारत होती. ती बोलली असती तर मी वाचलो असतो. मात्र टोक, वारा, वऱ्हाडाकडे केलेला हात, सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं, आणि पाठमोरा बाहेर निघालेला भाग तेवढा उरला असता. मी मान हलवून नको म्हणालो. मग पंचांना म्हणालो, "मंजूर हाये."

माझं सुतक दहा दिवस पाळलं गेलं. मी ओसरीच्या टोकाला निराळा बसायचो आणि माझीच माणसं माझ्यासाठी गोडधोड करत नव्हती. भेटायला येणाऱ्या लांबच्या पाहुण्यांना आधी कोण गेलं हे कळायचं नाही, आणि कळल्यावर काय बोलावं ते कळायचं नाही. एक म्हातारी माझ्यासमोर बसून माझ्यासाठी थोडं रडलीसुद्धा. अकराव्या दिवशी न्हाव्यानं मिशा उतरवल्या. खाली ओठ एवढा लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. सत्यभामा पाहून म्हणाली, "लग्नात असेच दिसत होते," आणि आत निघून गेली. ती हसली की काय ते मला पाठीवरून कळलं नाही.

कौंडण्यपूरला जाऊन यायला छकड्यानं दहा दिवस लागले. उन्हाळ्यात वर्धेला पाणी गुडघाभर. त्यात मी पालथा पडून बुडालो. परत आल्यावर बारसं. पाळणा टांगला होता, पण सुदैवानं त्यात नारळ ठेवून काम भागवलं; मला शेजारी पाटावर बसवलं. बाया पाळण्याची गाणी म्हणत होत्या आणि मध्येच हसू आलं की पदर तोंडात घालत होत्या. मग नाव ठेवायला आत्याला बोलावलं. आमच्याकडे तो मान आत्याचाच.

गोदाआत्या वाकली. तिनं माझ्या कानाशी हात धरला. मला वाटलं आता ती 'नत्थू' म्हणेल आणि मी सुटेन.

"वरतं टोक नाई, नत्थू," ती कानात म्हणाली. "सपाट हाये. खळ्याएवढं. मळनीचे बैल फिरतीन तिथं."

मी इतक्या जोरात हसलो की पाळण्याची दोरी धरलेली बाई दचकली. हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. महिनाभर मी ज्या टोकाला धरून बसलो होतो, ते नव्हतंच. आणि ते नसल्याचं हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जेवणावळीत रोडगे आणि वांग्याची भाजी होती. पंगत बसली तेव्हा मी मध्ये उभा राहिलो.

"मंडळी," मी म्हणालो, "मी थ्या हरमावर चढलोच नाई. दहा दगड गेलो अन् भेव लागलं. आतबी गेलो नाई. पेटीत कोनी निजलं नाई. वर गेली, आत गेली, थे माही आत्या."

पंगतीत एकदोघं रोडगा मोडायचे थांबले. मग चंद्रभान मोठ्यानं म्हणाला, "मिशांचा राग हाये. जाईन हळूहळू." सगळे हसले.

भगवंतराव मात्र हसले नाहीत. भाजी वाढत असलेल्या आत्याला त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "काहून वं गोदाबाई, चढली होती का तू?"

आत्यानं त्यांच्या पत्रावळीवर आणखी एक वांगं घातलं. "मी? बावा, माहे गुडघे पाह्यले का? मी खाली बसून भाकरी भाजत होती."

"पाह्य," भगवंतराव मला म्हणाले, "नवीन जन्म झाला तुया. आता तरी खोटं बोलू नको."

मी खाली बसलो. आत्यानं मला वाढताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासारखं भादरायला पंचांच्या हाती डोकं देण्याइतकी ती भोळी नव्हती, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी आम्ही दोघं सकाळीच रानाकडे निघालो होतो, पेरणीआधी काट्याकुट्या वेचायला. ती पुढं, मी मागं. मला आता पुढं चालायचं काही कारण उरलं नव्हतं.

"आत्या," मी विचारलं, "वरून काय दिसत होतं?"

ती चालत राहिली.

"एकीकडं हिरवं," ती म्हणाली. "नदी, गहू, खजुराची झाडं. अन् एकीकडं रेतीच रेती, आभाळाले लागली. मधात एक धुरा, दोन वावरांच्या मधात बांध असते तसा. इकडच्या पायाखाली पीक, तिकडच्या पायाखाली काईच नाई. असा धुरा मी जन्मात नाई पाह्यला." थोडं पुढं जाऊन ती म्हणाली, "थ्या सालेमले इचारलं, वऱ्हाड कोनीकडं? त्याले काय समजलं देव जाने, त्यानं एकीकडं बोट केलं. मी तिकडं हात जोडले. मंग भाकर खाल्ली. त्यालेबी देल्ली अर्धी."

"मंग?"

"मंग काय. खाली पाह्यलं तं तू दिसला. पागोट्यावरून वळखलं. दगडाले धरून बसला होता, लेकरू मायले धरते तसा. मी हात केला तुले. लय वेळ केला. तू पाह्यलंच नाई वर."

"डोळे मिटले होते माहे," मी म्हणालो.

"मालूम हाये," ती म्हणाली, आणि वाकून बांधावरची बोराटी उपटायला लागली.